‘डोळे झाकून कार्बोरेटर घ्या’ म्हणणाऱ्या सन्माननीय विक्रेत्यांस

प्रति,
परमआदरणीय एटीव्ही विक्रेते महोदय,
चाकण



आपल्यासारख्या थोर मार्गदर्शकांना जाहीर पत्र लिहितो आहे, या आगळिकीची आधीच क्षमा मागतो. पण आपले उपकार इतके आहेत की ते घरातल्या घरात मानणं बरं दिसत नाही.

खेड तालुक्याच्या डोंगराकडच्या भागात आम्ही भावंडं कृषी पर्यटन केंद्र चालवतो. पाहुण्यांसाठी एटीव्ही, म्हणजे रानात फिरायची चारचाकी मोटारसायकल, घ्यायची होती. एफआय (फ्युएल इंजेक्शन) घ्यावी की कार्बोरेटरची, एवढंच विचारायला आपल्याकडे आलो. आपण चहा पाजलात, पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, ‘साहेब, डोळे झाकून कार्बोरेटर घ्या. एफआयची थेरं इकडे चालत नाहीत. बिघडली तर बघणार कोण?’

हे आपण चाकणमध्ये बसून सांगितलंत, याचं मला विशेष कौतुक वाटतं. इंजेक्शनवर चालणारी पल्सर 220 बजाजनं 2007 मध्ये बाजारात आणली, ती याच चाकणच्या कारखान्यातून. आपल्या दुकानासमोरून शिफ्टच्या बसमधून रोज जी माणसं जातात, त्यांतल्या कितीतरी जणांचं पोट याच तंत्रावर चालतं. त्यांच्या नाकासमोर बसून ‘इकडे चालत नाही’ म्हणायला मोठा आत्मविश्वास लागतो.

आपला इतिहासाचा व्यासंगही दांडगा. ‘बजाजनंच 2009 मध्ये 220 चं इंजेक्शन काढून कार्बोरेटर लावला, ताकद वाढली, किंमत उतरली,’ असं आपण ठासून सांगितलंत. अक्षरन् अक्षर खरं आहे. फक्त पुढचं पान उलटायला आपल्याला सवड झाली नसावी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 चे नियम लागू झाले आणि त्याच 220 ला पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागलं. ज्या एटीव्हीला आरटीओचं पासिंगच नाही, जी खासगी रानातच फिरते, तिला हा नियम गाठत नाही. म्हणून जुनी यंत्रणा आपल्या शोरूममध्ये अजून ऐटीत उभी आहे आणि आपण तिला साधेपणाचं लेबल लावून विकता.

शिवाय 220 ही डांबरी रस्त्यावर धावणारी गाडी. आमची एटीव्ही बांधावर चढते, ओढ्यात उतरते, उतारावर आडवी चालते. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखायला फ्लोट असतो आणि गाडी बऱ्यापैकी सरळ उभी असेल, या भरवशावर तो काम करतो. गाडी कलली की पातळी सरकते. मग एक तर पेट्रोल जास्त जाऊन इंजिन गुदमरतं, नाहीतर कमी पडून ऐन चढावर बंद पडतं. एफआयमध्ये ही वाटीच नाही. टाकीतला पंप साधारण 3 बार दाबानं पेट्रोल थेट इंजेक्टरकडे पाठवतो. उतार-चढावासाठीच बनलेल्या गाडीत आपण उताराला घाबरणारं यंत्र आम्हाला प्रेमानं बसवून दिलंत, धन्यवाद.

पावसाळ्याबद्दल तर आपले आभार कसे मानावेत? निसरड्यामुळे त्या दिवसांत गाडी शेडमध्ये असते. खंडेनवमीला तिला हार घातला, नारळ फोडला, आणि ती सुरू झाली नाही. मिस्त्रीनं वाटी उघडली तर तळाला चिकट थर आणि पायलट जेटचं केसाएवढं भोक बुजलेलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कार्बोरेटरची वाटी तर हवेला उघडी. त्यात इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. एफआयवाल्या बऱ्याच गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला काय कळणार? त्याचं जेट हातानंच बदलावं लागतं. हे आपण सांगितलं नाहीत, बहुधा आमच्या डोक्याला ताप नको म्हणून.

एका गोष्टीबद्दल मात्र गोड बोलणं मला जमत नाही. एटीव्ही उलटते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो पंप आणि इंजिन बंद करतो. कार्बोरेटरच्या उलटलेल्या गाडीतून पेट्रोल गळत राहतं आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. आमच्याकडे लोक लेकरं घेऊन येतात, महोदय. आपण किमतीतला फरक सांगितलात, हा फरक सांगितला नाहीत.

आपण बाहा स्पर्धेचाही दाखला दिलात: इंजिनिअरिंगची पोरं कार्बोरेटरवरच एटीव्ही पळवतात म्हणे. पळवतात, कारण पेट्रोलच्या गटात नियमानं सगळ्या संघांना सारखंच इंजिन वापरावं लागतं आणि कस लागतो तो चासी-सस्पेन्शनचा. ती त्यांची निवड नव्हे.

आणि ‘बघणार कोण?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या गल्लीतच आहे. 2020 नंतरची प्रत्येक स्प्लेंडर, पेट्रोलवरची प्रत्येक अ‍ॅक्टिव्हा एफआयवर चालते. राजगुरुनगरपासून भोसरीपर्यंतचे मिस्त्री त्या रोज उघडतात, रोज जोडतात. त्यांच्या हुशारीवर आपला एवढा अविश्वास का?

आपली एक बाजू मी मान्य करतो, कारण ती खरी आहे. बॅटरी पुरती उतरली की एफआयचा पंप चालत नाही आणि घाणेरड्या पेट्रोलनं तो मरतो. कार्बोरेटरची गाडी दोरी ओढून सुरू होते, एका स्क्रू ड्रायव्हरवर उघडते. सपाट शेतात रोज चालणाऱ्या, खत-चारा वाहणाऱ्या गाडीला कार्बोरेटर आजही पुरतो. पण आमची गरज आपण विचारलीच नाहीत.

आता विनंती आपल्याला नाही, वाचकांना. डोंगरात चालवायची, महिनोन्महिने उभी राहणारी, माणसं बसवायची एटीव्ही घेत असाल तर एफआयच घ्या, आणि कलण्याचा सेन्सर आहे का ते लेखी विचारा. कार्बोरेटरची गाडी आधीच दारात असेल तर पावसाळ्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीचा स्क्रू सोडून ती रिकामी करा.

आपला उपकृत,
एक ग्राहक