चित्र चिपपाशीच पकडा

‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाचा एक छोटा डबा बाजारात मिळतो. एका बाजूला लाल, पांढरी, पिवळी पिन लावायची सोय, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. माळ्यावरून काढलेला जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडायचाय म्हटलं की दुकानदार हाच डबा पुढे सरकवतो. घेऊ नका. चित्र दिसेल, पण ते बघून तुमची खात्री पटेल की जुने खेळ मुळातच असे धुरकट, पसरट आणि ढिम्म होते. ते तसे नव्हते. हा आरोप मला सहन होत नाही, म्हणून हा आठवडा त्यासाठी.

पिवळ्या पिनीतून येतो तो कंपोझिट सिग्नल. उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकाच तारेत कोंबलेली. 1953 साली अमेरिकेत रंगीत टीव्हीची एनटीएससी पद्धत मंजूर झाली तेव्हा ही युक्ती गरजेची होती. लोकांच्या घरातले कृष्णधवल संच रातोरात निकामी होऊ नयेत म्हणून रंग 3.58 मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर चढवला आणि ती लहर मूळ चित्रातच मिसळून दिली. बातम्यांना, सिनेमांना ते पुरलं. खेळाचं चित्र मात्र ठिपक्याठिपक्यांनी बनतं. तिथे निळ्याच्या शेजारी लाल ठिपका असेल तर त्याने आपली जागा सोडून चालत नाही. आणि एकदा दुधात पाणी पडलं की गाळणं कितीही महागाचं आणा, काय उपयोग? तो डबा म्हणजे असलं गाळणं आहे.

त्याचं दुसरं पाप तर याहून मोठं. अमेरिकी आणि जपानी टीव्हीचं चित्र 525 ओळींचं, अर्ध्या अर्ध्या ओळींच्या दोन खेपांत येणारं. जुने खेळ दर खेपेला 262 ओळी पाठवतात. अर्धी ओळ गाळल्यामुळे प्रत्येक खेप त्याच जागेवर पडते आणि सेकंदाला साठ पूर्ण चित्रं मिळतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला हे बिनबोभाट चालायचं. स्वस्त डबे आणि बरेचसे नवे टीव्ही मात्र या दोन खेपांना एकाच चित्राचे अर्धे तुकडे समजतात आणि शिवत बसतात. मार खाल्ल्यावर मारिओ लुकलुकतो ना, तो एका खेपेला असतो, पुढच्या खेपेला नसतो. शिवणकामात तो कधी पट्ट्यापट्ट्यांचा होतो, कधी गायबच. शिवायला वेळ लागतो तो वेगळाच. बटण आत्ता दाबलं, उडी मागाहून. मग आपण म्हणतो, वय झालं, हात चालत नाही.

उपाय साधा आहे, म्हणजे सांगायला साधा आहे. सिग्नल बिघडण्याआधी पकडायचा. चित्र जिथे तयार होतं त्या चिपच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं.

काही यंत्रांत त्यासाठी स्क्रूही काढावा लागत नाही, आणि हे लोकांना माहीतच नसतं याचं मला फार वाईट वाटतं. सेगाचा मेगा ड्राइव्ह आणि निन्टेंडोचा सुपर फॅमिकॉम लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे सिग्नल आतमध्ये तयार करतात आणि मागच्या सॉकेटवर आणूनही ठेवतात. युरोपात स्कार्ट नावाच्या रुंद प्लगमधून ते थेट टीव्हीत जायचे. फ्रान्सने तर ते सॉकेट टीव्हीवर सक्तीचंच केलं होतं. अमेरिकेत आणि आपल्याकडे स्कार्ट रुळलं नाही, त्यामुळे कंपन्यांनी खोक्यात पिवळी पिन घातली आणि विषय संपवला. चांगलं चित्र यंत्राच्या पाठीवर वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं.

खरी झुंज आहे ती फॅमिकॉमशी. जपानमध्ये 1983 साली आलेलं हे यंत्र. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून आलेल्या, कॅसेट फुंकून चालणाऱ्या बहुतेक मशिनी याच्याच नकला. मूळ फॅमिकॉमला पिवळी पिनही नव्हती. कंपोझिट सिग्नल पुन्हा एका टीव्ही चॅनलच्या लहरीवर चढवायचा आणि अँटेनाच्या भोकातून आत सोडायचा, एवढीच सोय. चॅनल जुळवताना दिसणाऱ्या मुंग्या त्या या प्रवासातल्या.

मग आतून लाल-हिरवा-निळा काढून घ्या, असं कुणी म्हणेल. तो आत नाहीच. फॅमिकॉमची चित्र काढणारी चिप, रिकोने बनवलेली चाळीस पायांची 2सी02, थेट कंपोझिटच घडवते आणि एकविसाव्या पायावर देते. वेगळे तीन रंग तिच्या कुठल्याच पायावर येत नाहीत. तिचा एक पिक्सेल रंगाच्या लहरीच्या एका फेऱ्याच्या दोन तृतीयांश एवढाच टिकतो. रंग कोणता हे टीव्हीला कळायला एक फेरा लागतो आणि ठिपका त्याआधीच संपलेला असतो! म्हणून रंग शेजाऱ्याच्या अंगावर सांडतात, म्हणून उभ्या कडांवर दाते दिसतात आणि वर वर सरपटतात. पिवळी वायर सोन्याची लावली तरी यात फरक पडणार नाही.

फार वर्षं यावर एकच इलाज होता, आणि तो मला कधीच पटला नाही. निन्टेंडोच्या प्लेचॉइस-10 या आर्केड यंत्रात याच चिपची लाल-हिरवा-निळा, म्हणजे आरजीबी, देणारी बहीण असे, 2सी03. ती उपटायची आणि घरच्या यंत्रात बसवायची. एका यंत्राचं चित्र सुधारण्यासाठी दुसरं, त्याहून दुर्मीळ यंत्र मारायचं. वर रंग मूळ खेळासारखे येतच नाहीत, कारण त्या चिपची रंगांची यादीच वेगळी. असं करणाऱ्यांचं हस्तकौशल्य मान्य, पण करू नये ते करू नये.

नंतर एनईएसआरजीबी नावाचा बोर्ड आला, आणि त्यामागची नजर बघून मी आजही थक्क होतो. 2सी02च्या चाळीस पायांपैकी चार पाय असे आहेत की घरच्या यंत्रात त्यांना कामच नाही. निन्टेंडोने ते सरळ जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, बांधून टाकले. पण चिपला योग्य आदेश दिला तर ती या चार पायांवर सध्याच्या ठिपक्याचा रंग-क्रमांक बोलून दाखवते. नुसता क्रमांक, रंग नाही. त्या क्रमांकाच्या खान्यात कोणता रंग भरायचा हे प्रोसेसर चिपला सांगत असतो, आणि ते बोलणं बोर्ड मधल्यामधे ऐकतो. दोन्हींची सांगड घालून तो स्वतः लाल-हिरवा-निळा घडवतो. मूळ चिप जागेवरच राहते, काम तीच करते, फक्त तिचं म्हणणं आता लहरीत मिसळण्याआधी ऐकलं जातं. ज्यांनी ते चार पाय जमिनीला बांधले त्यांना कल्पनाही नसेल की काही दशकांनी कुणीतरी ते सोडवायला येईल.

हा बोर्ड बसवणं हे पहिल्यांदा सोल्डरिंग शिकणाऱ्याचं काम नव्हे, हे ठणकावून सांगतो. चाळीसच्या चाळीस पाय मोकळे करून चिप उचलावी लागते. बाकीचे पाय पटकन सुटतात, पण ग्राउंडचा पाय बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पट्टीला जोडलेला असतो. ती पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर वितळता वितळत नाही. इथे घाई करून चिमट्याने ओढलं की भोकाभोवतीची तांब्याची कडी उखडून हातात येते. त्या जागी आधी नवं सोल्डर घालावं, फ्लक्स लावावा, सोल्डरिंग आयर्नचं टोक रुंद वापरावं आणि पाय भोकात सैल हलताना दिसल्याशिवाय चिपला हात लावू नये. सराव करायचा तो भंगारातल्या डीव्हीडी प्लेअरवर करा. जुन्या यंत्रावर नको.

आपल्याकडच्या नकलांची गोष्ट निराळी आहे. त्या उघडल्या की पुष्कळदा चिपच दिसत नाही, काळ्या लाखेचा एक गोळा दिसतो. त्याखाली सगळा फॅमिकॉम एकत्र दडलेला. तिथे आरजीबीचा नाद सोडा. पण कंपोझिट तरी स्वच्छ मिळवता येतो. गोळ्यापासून पत्र्याच्या चौकोनी डबीकडे एक पट्टी जाते. ती डबी म्हणजे चॅनलवर चढवणारा भाग. पट्टी डबीच्या अलीकडे पकडायची, सिग्नलला आधार द्यायला एक पीएनपी ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिथून जाळीदार आवरणाची बारीक वायर थेट बाहेर. वायर वीजपुरवठ्याच्या पट्ट्यांवरून नेली की चित्रात उभ्या सावल्या उमटतात, तुरुंगाच्या गजांसारख्या. ती कडेकडेने न्यावी. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतात आणि किंमत वडापावच्या हिशेबातली आहे. मुंग्या जातात, अक्षरं वाचता येतात. एवढ्यासाठी मशीन भंगारात टाकणारे लोक मी बघतो आणि चिडतो.

जपानहून मूळ यंत्र मागवलेल्यांची एक जुनी तक्रार असते: जुन्या भारतीय टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं. यंत्र बिघडलेलं नाही. आपली पद्धत पाल, तिची रंगलहर 4.43 मेगाहर्ट्झची. फक्त तीच ओळखणाऱ्या टीव्हीला जपानी रंगलहर समजत नाही. आरजीबी काढला की हा वाद मुळापासून मिटतो, कारण त्यात रंगलहरच नसते.

निन्टेंडो 64 बद्दल मात्र मनात राग आहे. 1996 सालचं यंत्र, आधीच्या सुपर फॅमिकॉमसारखंच सॉकेट. त्याची आरजीबी वायर याला चपखल बसते आणि पडदा काळा राहतो, कारण त्या पिनांवर आतून काही जोडलेलंच नाही. सुरुवातीच्या यंत्रांत तरी चिपच्या पायांवर तीन रंग मिळायचे, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावून ते बाहेर काढता यायचे. पुढच्या बोर्डांत निन्टेंडोने दोन चिपांची एक केली आणि तीही वाट बंद झाली. आता त्याच्याही मागे जावं लागतं: प्रत्येक रंगाचे सात, एकूण एकवीस बिट, अजून आकड्यांतच असलेले, तिथेच टिपायचे आणि थेट एचडीएमआयवर न्यायचे. केसासारख्या पायांवर रिबन केबल सोल्डर करायचं काम आहे, पण मिळणारं चित्र मधे कुठेच लहरीत उतरलेलं नसतं.

एक आक्षेप मी मानतो, आणि तो मेगा ड्राइव्हवाल्यांचा आहे. 1991च्या सॉनिकमध्ये धबधबा आहे. तो उभ्या पट्ट्यांनी रंगवलाय, एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. पिवळ्या वायरीत त्या पट्ट्या मिसळतात आणि पाण्याआडून मागचं दृश्य दिसतं. आरजीबीवर नुसत्या पट्ट्या दिसतात. ज्या चित्रकारांनी वायरीचा दोषच रंग म्हणून वापरला, त्यांच्यासमोर स्वच्छतेचा हट्ट धरणं चूक आहे. म्हणूनच सुधारणा करताना जुनी वाट कधीही कापू नये. मूळ सॉकेट चालू ठेवा. खोक्याला ड्रिलने भोक पाडू नका. जागा हवी असेल तर ती मूळ सॉकेटच्याच मोकळ्या पिनांत शोधा. चाळीस वर्षं टिकलेलं प्लास्टिक पुन्हा बनत नाही.

एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आहे ना, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. एम्युलेटर असावेतच, त्यांच्यामुळे खेळ जगले. माझा प्रश्न घरात असलेल्या यंत्राचा आहे, आणि ते चालतं आहे.

शेवटी किट निवडताना एक गोष्ट बघा: त्याची रचना खुली आहे की बंद. गेमक्यूबचं उदाहरण घ्या. 2001 साली त्याच्या पाठीवर डिजिटल सॉकेट होतं. त्याची खास वायर निन्टेंडोने अगदी थोडी विकली, रूपांतर करणारी चिप वायरीच्या प्लगमध्येच दडवली, आणि 2004च्या सुमाराच्या यंत्रांतून सॉकेटच काढून टाकलं. पुढे जीसीव्हिडिओ नावाची रचना खुली म्हणून बाहेर आली. आज वेगवेगळे कारखाने ती बनवतात, त्या सॉकेटात नुसती खोचतात, सोल्डर लागत नाही. निन्टेंडो 64ची काही उत्तम किटं मात्र एकेका माणसाच्या हातावर चालली. त्याने बनवणं थांबवलं की ती मिळेनाशी होतात, आणि ज्यांना आधीच मिळाली ते ती दामदुपटीने विकतात. पैसे खुल्या रचनेवर घाला. बंद किटच घ्यायचं असेल तर बनवणाऱ्याला आधी विचारा, तू थांबलास तर नकाशे कुणाला देणार आहेस?