कॉमनवाले काका

पुण्याहून रात्री बाराला निघून पहाटे हर्णेच्या किनाऱ्यावर उतरणारा हा माणूस ओळखायला दुर्बीण लागत नाही. अंगात जंगलछाप हिरवे-तपकिरी चट्टेपट्टे, त्यामुळे मोकळ्या वाळूवर काका लांबूनच दिसतात. पक्ष्यांनाही. खांद्यावर १५०-६०० ची लेन्स. तिच्या किमतीत स्वयंपाकघर नवं झालं असतं, हे काकूंचं मत गाडीतच ऐकून झालेलं असतं.

जगातल्या पक्ष्यांच्या काकांनी दोनच जाती केल्या आहेत: ‘लायफर’ आणि ‘कॉमन’. आयुष्यात पहिल्यांदा दिसला तो लायफर, दुसऱ्यांदा दिसला की कॉमन. समोर कुरवांचा अख्खा थवा उठतो, काकू “अगं बाई!” म्हणतात आणि काका म्हणतात, “ब्राउन-हेडेड. कॉमन आहे.” हे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण करून हिवाळ्याला इथे उतरतात. म्हणजे हिमालय ओलांडून आला तो कॉमन, आणि ताम्हिणी ओलांडून आलेले काका दुर्मीळ!

यंदा काकांना समुद्री गरुड हवा होता. त्यासाठी अख्खी सकाळ होडीत बसून त्यांनी खाडी पालथी घातली. मान तांबडी झाली, गरुड नाही. उशिरा नाश्त्याला बसले तेव्हा होमस्टेच्या वहिनी घावन वाढता वाढता म्हणाल्या, “तो पांढऱ्या पोटाचा होय? आमच्या मागच्या आंब्यावर घरटं आहे की त्याचं. दरवर्षी त्याच घरट्यात नव्या काड्या घालतो. खाली माशांचे काटे नि समुद्रसापाचे तुकडे पडतात, झाडून झाडून जीव जातो माझा.”

घावन ताटात, काका परसात. शे-दीडशे फोटो, ई-बर्डवर नोंद, मित्रांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. संध्याकाळी तोच गरुड पायात मासा धरून डोक्यावरून गेला. काकांनी मान वर केली नाही. “या पट्ट्यात तसा कॉमनच आहे तो.”

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण जूनमध्ये काका तिबोटी खंड्यासाठी पुन्हा येणार आहेत आणि या खेपेला त्याची हाक वाजवायला छोटा स्पीकर घेतलाय. काका, तेवढं नका करू. पावसाळ्यात तो ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून पिल्लं वाढवतो. आपल्या हद्दीत दुसरा घुसलाय असं समजून त्या खोट्या हाकेमागे धावला, तर पिल्लांच्या तोंडचा घास राहतो. लेन्स हवी तर दोन आणा. स्पीकर घरी ठेवा.