पुढे उजनी आहेच!

पुणेकरांवर निसर्गाची एक मोठी कृपा आहे आणि शहराच्या थोरवीच्या कुठल्याही यादीत तिचा उल्लेख नसतो. पुणे वर आहे आणि सोलापूर खाली. उशाशी पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला अशी चार धरणं. पायथ्याशी मुळा-मुठा, ती भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाऊन विसावते. पाणी येतं ते उतारानं आणि जातं तेही उतारानंच. मधल्या मध्ये आपण आंघोळी, धुणी, भांडी आणि धुतलेली गाडी पुन्हा धुणं, एवढं आटोपून घ्यायचं. गुरुत्वाकर्षणाला टेंडर लागत नाही, त्यामुळे ही योजना आजवर एक दिवसही रखडलेली नाही.

रखडतात त्या दुसऱ्या. 2016 साली जपानच्या ‘जायका’चं कर्ज मिळालं आणि 990 कोटींची योजना ठरली. 11 नवी शुद्धीकरण केंद्रं होणार, ती रोज 396 दशलक्ष लिटर मैलापाणी साफ करणार. भूमिपूजन झालं 2022च्या मार्चमध्ये. तोवर आकडा 1,470 कोटींवर गेला होता. या सहा वर्षांत नदीकाठी वाढलं काय, असं कुणी विचारलंच तर सांगावं : जलपर्णी आणि अंदाजपत्रक.

त्याच मुहूर्तावर नदीकाठ सजवायच्या कामाचाही नारळ फुटला. पहिला टप्पा 9 किलोमीटरचा, खर्च हजार कोटींच्या वर. काठाचा मोठा गुण म्हणजे तो दिसतो. मैलापाण्याची वाहिनी बिचारी जमिनीखालून जाते. तिच्यावर बाक टाकता येत नाही की तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढता येत नाही. नदी मात्र आपल्या परीनं प्रेक्षणीय व्हायला धडपडते आहे. 2024च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला तिनं डासांचा असा काही उंच खांब उभा केला की त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. तेव्हा लोकांना ते गच्चीतून बघावं लागलं होतं. काठ पूर्ण झाला की बाकावर बसून बघता येईल.

कायद्यातही आपण मागे नाही, उलट पुढेच आहोत. जलप्रदूषण रोखायचा कायदा महाराष्ट्रानं 1969 सालीच केला, दिल्लीला तो 1974 साली सुचला. 1970च्या सप्टेंबरात आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झालं. तेव्हापासून मंडळ नोटीस काढतं, पालिका उत्तर देते आणि नदी वाहते. तिघंही आपापल्या कामात अत्यंत नियमित आहेत.

पण सरकारला नावं ठेवायला अक्कल लागत नाही. अक्कल बघायची तर आमच्या सोसायटीत या.

आमचं बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वरचं, म्हणून पर्यावरण मंजुरी लागली आणि मंजुरीच्या अटीत स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरणाचा प्लँट, आला. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जलतरण तलावाचा पानभर फोटो होता, एसटीपीचा नव्हता. फ्लॅट तीनशे. माणशी 135 लिटरचा सरकारी हिशेब धरला आणि त्यातलं 80 टक्के पाणी गटारात जातं असं मानलं, तरी रोज सव्वा लाख लिटरच्या वर ऐवज जमा होतो. तो सगळा पार्किंगच्या टोकाला, लोखंडी दारामागं, ठेकेदारानं नेमलेल्या एका पोराच्या स्वाधीन असतो. पोराकडं एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक फावडं आणि एक लॉगबुक आहे.

पहिली लागते ती जाळी. डायपर, केसांचे गुंतवळे, ‘फ्लश करा, विरघळेल’ असं पाकिटावर छापलेले ओले रुमाल, झालंच तर हार-निर्माल्य, सगळं तिथं अडतं. एकदा एक कवळी निघाली. नोटीस बोर्डावर तसं लिहूनही ती न्यायला कुणी आलं नाही. जाळीच्या पुढच्या टाकीत जिवाणू राहतात. आपण जे पाठवू ते ते खातात, तक्रार करत नाहीत, पार्किंगवरून भांडत नाहीत. मागणी एकच, चोवीस तास हवा. ती देणारं यंत्र म्हणजे ब्लोअर.

पोरानं एकदा मला त्या टाकीतलं पाणी लिटरभराच्या उंच नळकांड्यात भरून दाखवलं होतं. आधी सगळं एकजीव तपकिरी. अर्ध्या तासानं गाळ खाली बसला आणि वर नितळ पाणी उभं राहिलं, पलीकडच्या भिंतीवरचा ‘थुंकू नये’ वाचता येईल इतकं नितळ. “वास घ्या,” तो म्हणाला. ओल्या मातीचा होता. “असा पाहिजे. सडक्या अंड्याचा आला की समजायचं, कल्चर मेलं.”

कल्चर मेलं ते खजिनदारांमुळे. दोन्ही विंगच्या लिफ्टपेक्षा ब्लोअरचं वीजबिल जास्त येतं, हा शोध त्यांना लागला. त्यांनी ब्लोअर रात्री दोन तासांवर आणला. ए विंगचे निवृत्त इंजिनिअरकाका परोपरीनं सांगत होते की हे जिवाणू हवेवर जगतात, गुदमरून मरतील. खजिनदार म्हणाले, “मग नवे आणू. कितीला पडतात?” नवे आणायला शेणाचा काला, गूळ आणि युरिया लागतो, वर दोन-तीन आठवडे धीर. शेण-गूळ उतरताना बघून बी विंगच्या काकू हळदीकुंकू घेऊन खाली आल्या. ब्लोअर दोन तासांवरच असल्यामुळे तो नैवेद्य देवापर्यंत पोचला नाही.

दरम्यान काम अडू नये म्हणून बायपासचा व्हॉल्व्ह फिरवला. लाल चाक आहे, दीड फेरा दिला की सव्वा लाख लिटर थेट मागच्या ओढ्यात. एवढ्या यंत्रणेत आजवर न बिघडलेला भाग तेवढाच. काकांनी सभेत विचारलं, ओढा कुठं जातो? “नदीला.” आणि नदी? “पुढे उजनी आहेच!” खजिनदार म्हणाले. वारकरी माणूस. दर आषाढीला पंढरपूर करतात आणि येताना चंद्रभागेचं तीर्थ बाटलीतून आणून घरोघर वाटतात.

लॉगबुक मात्र एक दिवस चुकलं नाही. एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं : पीएच 7.2, 7.3, 7.2. फेब्रुवारीच्या 30 तारखेलाही आमचं पाणी उत्तम होतं.

मग प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचं नूतनीकरण आलं आणि मंडळाचे साहेब नमुना घ्यायला येणार असं कळलं. तातडीची बैठक बसली. टाकी काळी पडलेली, वास अंड्याचा, हाताशी दोन दिवस. काकांनी पुन्हा शेण-गुळाचं काढलं, पण त्यांना कुणी बोलू दिलं नाही. तोडगा खजिनदारांनीच काढला : शुद्ध झालेलं पाणी साठवायची शेवटची टाकी घासून घ्यायची आणि तिच्यात टँकरचं स्वच्छ पाणी भरायचं. साहेब नमुना घेणार तो तिथूनच. दोन टँकर आले. साहेब आले, बाटल्या भरल्या, चहा झाला. पाणी इतकं छान दिसत होतं की सेक्रेटरींनी त्यासोबत सेल्फी काढून ग्रुपवर टाकला.

अहवाल आला. नमुना नापास. मैल्यातले जंतू मर्यादेच्या कैक पट.

सोसायटीत असा संताप मी पाणीकपातीतही पाहिला नव्हता. “आपलं मैलापाणी असतं तर एक वेळ समजू शकलो असतो,” खजिनदार अक्षरशः थरथरत होते, “हे विकतचं पाणी आहे!” टँकरवाल्याला बोलावलं. तो शांत होता. टँकर भरतो कुठं, तर विहिरीवर. विहीर कुठं? त्यानं हात करून खिडकीबाहेर दाखवलं. ओढ्याच्या काठाला, आमच्याच कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात आटत नाही का, असं काकांनी विचारलं. “नाही ना साहेब,” तो अभिमानानं म्हणाला, “तुमच्या सोसायटीला लोक राहायला आल्यापासून बारमाही झालीय.”

सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. हाच टँकर मार्चपासून गच्चीवरच्या टाकीतही रिकामा होतो, हे प्रत्येकाला एकेक करून आठवत असावं. बी विंगच्या काकू उठून बाहेर गेल्या.

मग कामकाज पुढे सरकलं. दूषित पाणी पुरवल्याबद्दल टँकरवाल्यावर कारवाई व्हावी असं पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहायचं आणि त्याची प्रत वर्तमानपत्रांना द्यायची, हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. घरोघर फिल्टर बसवायला एकत्र घेतल्यास किती सूट मिळते, याची चौकशी खजिनदारांनी करायची. ब्लोअरचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत.