भाऊंच्या सौजन्याने महिला महोत्सव

मार्च लागला की आमच्याकडे दोन गोष्टींचा सडा पडतो. जंगलात मोहफुलांचा आणि चौकात फ्लेक्सचा. मोहफुलं बायका झुंजुमुंजू व्हायच्या आत टोपल्या घेऊन वेचून आणतात. फ्लेक्स मात्र कुणी वेचत नाही. ते भाऊंच्या पुढच्या वाढदिवसापर्यंत तिथंच वाळत असतात.

यंदा चौकातला सगळ्यात मोठा फ्लेक्स 'भव्य महिला महोत्सवा'चा आहे. नारीशक्तीचा सन्मान, समतेचा जागर, परिसंवाद, आरोग्य मार्गदर्शन, पैठणीचा खेळ आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. खाली लाल अक्षरांत 'प्रत्येक महिलेस हमखास भेटवस्तू'. वर बावीस चेहरे. त्यांतले चार बायकांचे आहेत: जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी आणि राणी हिराई. फ्लेक्सवर यायचं तर बाईला आधी इतिहासजमा व्हावं लागतं. पुरुषाला नगरसेवक व्हायची इच्छा असली तरी पुरते.

राणी हिराईचं चित्र फ्लेक्सवाल्याला कुठं मिळालं, देव जाणे. कुठल्या तरी मालिकेतल्या नटीला त्यानं मुकुट चढवलेला दिसतो. खाली ओळ आहे, 'आदर्श पत्नी'. नवऱ्याच्या मागं, गादीवरचा राजा लहान असताना या बाईनं चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, कारभार हाकला. ज्या महाकालीच्या यात्रेला चैत्रात लाखभर माणूस लोटतं, ते देऊळ तिनंच बांधलं. नवऱ्याची, राजा बीरशहाची, देखणी समाधीही तिनंच उभारली. या तीन कामांतलं आयोजकांना समाधीचं काम तेवढं लक्षात राहिलं. नवऱ्याची समाधी बांधणारी राणी आपल्याला फार आवडते. राज्य चालवणारीबद्दल आपण 'बरं होतं म्हणतात' एवढंच बोलतो.

निमंत्रणपत्रिका घरपोच आली. आमदारसाहेब उद्घाटक. अध्यक्ष भाऊ. स्वागताध्यक्ष भाऊंचे धाकटे बंधू. 'स्त्री-पुरुष समानता: काल, आज आणि उद्या' या परिसंवादात चार वक्ते, चौघेही पुरुष, आणि समानता राखली जावी म्हणून सूत्रसंचालनाला एक मॅडम. शिवाय स्वागतगीत बायकांकडे, दीपप्रज्वलनाचं ताट धरणं बायकांकडे, आणि आभारप्रदर्शनही बायकांकडेच, कारण तोवर उद्घाटकांची गाडी दुसऱ्या तालुक्याच्या महिला महोत्सवाकडे निघालेली असते. एका गावच्या सरपंचबाईंचं नाव 'विशेष उपस्थिती'त आहे. नावापुढं मोबाइल नंबर छापलाय. लावून पाहिला. सरपंचसाहेबांनी उचलला.

बायका मंडपात येतात कशा, हाही संशोधनाचा विषय आहे. बचत गटांना वरून निरोप जातो. वर म्हणजे कुठं, हे कुणी विचारत नाही. निरोप नेहमी वरूनच येतो आणि आकडा घेऊन येतो. १७ मार्च २०२३ ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर आयोजकांचा निम्मा खर्चही वाचतो. अकराचा कार्यक्रम एकला सुरू होतो. चंद्रपूरचं ऊन आठ मार्चलाही कुणाची भीड ठेवत नाही. मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "का वो, जेवन कवा हाये?" शेजारीण म्हणाली, "भाषन संपल्यावर." म्हातारी म्हणाली, "मंग संध्याकाळीच मन ना बापा." अख्ख्या परिसंवादात कालमापनाची एवढी अचूक जाण दुसऱ्या कुणी दाखवली नाही.

पहिले वक्ते उठले आणि म्हणाले, "माझ्या भगिनींनो, तुम्ही अबला नाही, तुम्ही वाघिणी आहात!" हे वाक्य मुंबई-पुण्याच्या सभागृहात खुशाल टाकावं, टाळ्या मिळतात. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली या पट्ट्यात ते जपून वापरावं, कारण इथं वाघीण म्हटलं की बाई आधी मागं वळून पाहते. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या महिला वनरक्षकाला वाघिणीनं ओढून नेलं. या बायका काही शौर्य दाखवायला रानात शिरलेल्या नसतात. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातले मोजके दिवस चालतो, आणि पोरांच्या वह्यांपासून बियाण्यापर्यंतचा पैसा त्यातून काढायचा असतो. ज्या वाघासाठी पाहुणे जिप्सीचे हजारो रुपये मोजतात, तो या बायकांना पुड्यासाठी पानं तोडताना फुकटात दिसतो. भाषणात हे कुणी बोललं नाही. बोलायचं तर मध्येच वनखात्याचा, भरपाईचा आणि रोजगाराचा विषय निघतो, आणि समानता बाजूला राहते.

मग आरोग्य मार्गदर्शन. विषय, 'स्त्रियांनी स्वतःकडे लक्ष द्यावे'. बायका स्वतःकडे लक्ष देत नाहीत, हा शोध दरवर्षी आठ मार्चला नव्यानं लागतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते काम छापलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. जगभरात या आकड्यांची चर्चा झाली. म्हणजे बाईनं स्वतःकडे बघायला ना नव्हती, तिच्याकडे बघायला दुसरं कुणी नव्हतं. आजही भामरागडकडची अडलेली बाई पावसाळ्यात खाटेच्या कावडीवर नाला ओलांडून दवाखान्यात येते. येताना तिनं स्वतःकडे नेमकं कसं लक्ष द्यायचं, तेवढं मात्र मार्गदर्शनात राहून गेलं.

दुसरे वक्ते शहरातले, अभ्यासू. त्यांनी गोंड-माडिया गावांतल्या कुर्माघराचा विषय काढला. पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या झोपडीत ठेवतात, तिथं ना दिवा ना दार, साप-विंचवांचं भय, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. सांगितलं ते खरंच होतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानंही २०१५ मध्ये या प्रथेची दखल घेतली. पुढं काही गावांत संस्थांनी त्या झोपडीच्या जागी पक्कं घर बांधलं, पलंग टाकले, संडास दिला, सौरदिवा लावला. प्रथा हलत नाही तर निदान छप्पर तरी गळू नये, असा व्यवहारी विचार. यावर आक्षेप घेणारेही आहेत, पक्कं बांधकाम झालं की प्रथाही पक्की होते म्हणणारे, आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण वक्त्यांच्या घराबद्दल जरा माहिती आहे. त्यांच्याकडे कुर्माघर नाही. तिथं सूनबाई चार दिवस देवघराकडे फिरकत नाही, लोणच्याच्या बरणीला शिवत नाही, आणि गणपतीत तारीख जुळून आली तर गोळी घेते. याला घरात संस्कार म्हणतात. माडियांचा तेवढा समाज मागास.

सत्कारांचा कार्यक्रम लांबला. आशाताईंना शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. आशाताई सरकारी हिशेबात कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यामुळे त्यांना पगार नसतो, मोबदला असतो, आणि मोबदल्याला उशीर झाला की सत्कार असतो. एका बचत गटाला मोहाच्या लाडवांसाठी पुरस्कार मिळाला. लाडू उत्तम होते. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत याच मोहाचा, दारूसाठी आंबवलेला सडवा बायकांनी रानातून हुडकून ओतून दिला, तर त्या बातमीला पान पाचवर दोन इंच जागा मिळते आणि फोटोत बायका पाठमोऱ्या असतात. लाडूला स्टेज, सडव्याला पान पाच.

रात्री झाडीपट्टी. मला विचाराल तर दिवसभरात समतेच्या जवळ जाणारा एवढाच कार्यक्रम. वडसा म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं ठाणं. भाऊबीजेनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत हंगाम, रात्री पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. २०२३ मध्ये इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईला कळलं की मुंबईबाहेरही नाटक असतं. पूर्वी इथं स्त्रीपार्टी पुरुष असायचे. आता नट्या असतात, आणि तिकीट त्यांच्या नावावर खपतं. दुपारी परिसंवादात ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता त्याच बायका, पोरांना घोंगडीवर निजवून, पुढं सरकून बसल्या आणि खलनायकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागल्या. दारुडा नवरा हा इथला हुकमी विषय. शेवटच्या अंकात तो बायकोच्या पायांवर डोकं ठेवतो आणि मंडपभर पदर डोळ्यांना लागतात. मध्यंतरात देणगीदारांची नावं वाचली गेली. त्यात भाऊंचं हॉटेल होतं. हॉटेलात परमिट रूम आहे, हे निवेदकानं गाळलं. प्रसंगाचं भान म्हणतात ते हेच.

आमचा तालुका वैनगंगेच्या अलीकडचा, चंद्रपूर जिल्ह्यातला. पलीकडे गडचिरोली, तिथं १९९३ पासून दारूबंदी. मध्ये पूल आहे. बाकी काय ते वाचकांनी समजून घ्यावं.

अलीकडेही बंदी होती. ती कुणी दिली नव्हती, मागून घेतली होती. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो बायका चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर जाऊन धडकल्या. कडाक्याची थंडी, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. पैठणी ठेवलेली नव्हती. हमखास भेटवस्तू नव्हती. वरून निरोपही नव्हता. तरी मंडप भरला, कारण मंडप त्यांचाच होता. सरकारं बदलली, समित्या बसल्या, आणि १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली. तारीख एक एप्रिल होती, हे तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

बंदीच्या काळात दारू मिळत नव्हती, असं भाऊसुद्धा म्हणणार नाहीत. मिळत होती, महाग मिळत होती, आणि जीपगाड्या भरभरून येत होती. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. दिलेल्या कारणांत एक असं होतं की अवैध धंद्यात बायका आणि मुलं ओढली जाताहेत. म्हणजे बंदी आली ती बायकांच्या भल्यासाठी आणि गेली तीही बायकांच्याच भल्यासाठी. महिलांचं हित इतक्या बाजूंनी पाहणारं राज्य दुसरीकडे सापडायचं नाही. अंमलबजावणी फसली, हे मान्य. पण चोऱ्या वाढल्या म्हणून आपण चोरीला परवाना देत नाही. आणि चालत गेलेल्या त्या बायकांना पुन्हा विचारायला कुणी चालत आलं नाही. त्याऐवजी महोत्सव आले.

कायदा अगदीच निर्दय आहे, असं मात्र समजू नका. दुकान बंद करण्याचा रस्ता २००८ मध्येच शासनानं घालून दिला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. गंमत पुढं आहे. निम्मी मतं झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्मी. म्हणजे लग्न होऊन गेलेली, देवाघरी गेलेली, मिरची तोडायला तेलंगणात गेलेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्या जातात. हाच नियम नगरपालिकेला लावला असता तर भाऊ आज फ्लेक्सवर नसते.

तर आयोजकांना एक नम्र सूचना आहे. पुढच्या महोत्सवात पैठणीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडा. त्यावर वॉर्डाची मतदारयादी, मागणीचा अर्ज, दोन पेनं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड ठेवा. पंचवीस टक्के सह्या एका दुपारीत होतील. तेवढ्या बायका तुम्हीच एसटीनं आणून बसवलेल्या आहेत.