दिवसाला पंधरा मीटर

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. तेव्हाचे अंदाजपत्रक ३५३ कोटींचे. पुढे ते २,८२६ कोटी झाले, नंतर ४,८०५ कोटी. निम्मा वाटा राज्याचा. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला. दरम्यान आरंभस्थानाचे नाव बदलून झाले. रूळ परळीला पोचायचेच आहेत.

तीस वर्षांत १६६ किलोमीटर, म्हणजे दिवसाला १५ मीटर. चरणारी शेळी याहून लांब जाते; पण शेळीचे उद्घाटन करता येत नाही, लोहमार्गाचे तुकड्यातुकड्याने करता येते. रूळ १५ मीटर सरकतात त्याच दिवशी अंदाजपत्रक सरासरी ४० लाखांनी सरकते. म्हणजे दोहोंतले वेगवान वाहन कोणते, याबद्दल वाद नाही. शिवाय एवढ्या सावकाश येणाऱ्या विकासाची चाहूल आधी लागते. प्लॉट पाडणाऱ्यांना ती लागली. शेतकऱ्याला मोजणीचे दगड दिसले. याच गतीने परळी २०४२ च्या सुमारास येईल, आणि त्या दिवशीही हिरवा झेंडा नवाच असेल.

केज तालुक्यातल्या नांदूरघाटला हा हिशेब लागू नाही, कारण मार्ग बीडहून वडवणीकडे वळतो. नांदूरघाटकडे येणारी गती दिवसाला शून्य मीटर आहे. मात्र या भागातून बाहेर पडण्याची वाहतूक कधीच रखडलेली नाही. दसरा सरला की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात: भांडीकुंडी, शेळ्या, शाळेतून काढलेली पोरे, सगळे एकावर एक. एका रात्रीत पश्चिम महाराष्ट्रातला, नाहीतर कर्नाटकातला फड गाठतात. त्यांना ना मंजुरी लागते, ना सुधारित अंदाजपत्रक, ना झेंडा. मंजुरीच्या वर्षी पाळण्यात असलेला मुलगा आज बायकोसह एक कोयता म्हणून मोजला जातो, आणि ४,८०५ कोटींत त्याच्या गावात हाताला सहा महिन्यांचे काम बसत नाही! रेल्वे आली की उद्योग येतील, असे त्याच्या बापालाही सांगितले होते. बापही फडातच होता.

बीडची पहिली गाडी १६६ किलोमीटरला सुमारे साडेपाच तास घेणारी होती. नांदूरघाटच्या मुलांना ती पाहायची तर आधी एसटीने बीड गाठावे. सुरुवातीच्या वेळापत्रकात रविवारी गाडी नव्हती.