चौथाईचे वारस

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या घराला दोन किमती असतात: एक व्याह्यांना सांगायची, दुसरी नगर निगमला. पहिली सांगताना घर मेन रोडवर येतं, आणि गच्चीवर कुंड्या ठेवायची जागासुद्धा हिशेबात धरली जाते. दुसरी सांगताना तेच घर गल्लीत शिरतं, वरचा मजला 'अजून व्हायचाय' आणि स्लॅबचे पत्रे होतात. मध्य प्रदेशात संपत्तिकर, म्हणजे आपला हाउस टॅक्स, मालकानं स्वतःच मोजून भरायचा असतो. त्याचं सरकारी नाव स्वनिर्धारण. आत्मचरित्राचाच हा एक प्रकार, फक्त इथे लेखक स्वतःला आहे त्याहून लहान दाखवतो. कायद्याला मनुष्यस्वभाव ठाऊक असावा. सांगितलेल्या आणि खऱ्या आकड्यात 10 टक्क्यांपर्यंत तफावत निघाली तर ती सोडून देतात; त्यापुढे गेली की फरकाच्या 5 पट दंड. म्हणजे 10 टक्के खोटं शासनमान्य! माझं म्हणणं असं की टॅक्स 'अचानक' वाढला म्हणून आपण कपाळाला हात लावतो, तेव्हा बरेचदा आपल्या या दोन किमती फक्त एकमेकींना भेटलेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: बँकेनं घरासाठी कर्ज देताना या टॅक्सचं सांगायला नको होतं का? पण बँकेनं किश्तीचा आकडा सांगितला आणि आपण तोच घराचा एकूण खर्च समजून पाठ केला. अमेरिकेत गेलेल्या भाचेमंडळींकडे बँक खरोखरच टॅक्स किश्तीतच गोळा करते, वेगळ्या खात्यात ठेवते आणि वेळेवर भरते. मग तरी सुखी असावेत ना? नाहीत. नव्या घराचा पहिल्या वर्षीचा टॅक्स पुष्कळदा नुसत्या प्लॉटवर बसतो. पुढे कुणाच्या तरी लक्षात येतं की प्लॉटवर घरही आहे. मग वार्षिक ताळ्यात खातं तुटीत निघतं, मागची तूट आणि पुढची वाढ मिळून किश्तीत शिरतात आणि 'फिक्स्ड रेट' घेतलेला भाचा रात्री झोपत नाही. आपल्याकडे टॅक्स वेगळा आणि व्याज तरंगतं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला, आणि त्याच्यामागून घरकर्जाचे दरही चढले. साडेसहा टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 20 लाख घेतलेल्याची किश्त सुमारे 14,911 रुपये. दर 9 टक्के झाला की पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच 15,000. किश्त तीच ठेवली तर माणूस दरमहा पैसे भरून कर्ज 89 रुपयांनी वाढवतो. किश्त व्याजालाही पुरत नाही असं होऊ देऊ नका, हे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना लिहून सांगावं लागलं.

आता आपल्या तक्रारीतल्या खऱ्या गमतीकडे येतो. कराविरुद्ध ओरडणारे आपण कोण? 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, तिचंच लष्कर शहर झालं, आणि त्या छावणीचा खर्च काही भजनाच्या थाळीतून निघत नव्हता. ज्यांच्या पागा आणि दफ्तरं महसुलावर पोसली गेली त्यांचे आपण पणतू-खापरपणतू. 1719 मध्ये दिल्लीहून मराठ्यांना सनदा आल्या त्या दख्खनच्या 6 सुभ्यांच्या: महसुलाची चौथाई 25 टक्के, वर सरदेशमुखी 10. पुढे नर्मदा ओलांडली तरी सवय मागे राहिली नाही. आणि वाटणी काय देखणी! चौथाईतला चौथा हिस्सा राजाची बाबती. उरलेला सरदारांचा मोकासा, त्यातून 6 टक्के साहोत्रा, 3 टक्के नाडगौंडा. 'नाडगौंडा' हा शब्द नुसता ऐकूनच रयतेनं पैसे काढून ठेवले असतील. त्यापुढे संपत्तिकर, समेकित कर, शिक्षा उपकर ही नावं फारच बेचव वाटतात. सफाई, दिवाबत्ती आणि आगीचा बंब या तिन्हींना एकाच समेकित करात कोंबणाऱ्या कारकुनाला आपल्या फडणिसांनी दारातूनच परत पाठवला असता. आणि 10 टक्क्यांची ती माफक तफावत पाहा: बरोबर सरदेशमुखीचा दर. जुनं वतन म्हणून आपण ती राखून ठेवली असणार.

दुसरा आक्षेप असा की घर जसंच्या तसं असतानाही टॅक्स वाढतो; त्याला मात्र माझ्याकडे थट्टा नाही. कोविडच्या वर्षी केंद्रानं राज्यांना जादा कर्ज उचलू दिलं, त्यातल्या काही हिश्श्याला अट अशी की घरपट्टीचे किमान दर जमिनीच्या सरकारी दराशी जुळवा. मध्य प्रदेशानं ती पाळली, म्हणून आता तो सरकारी दर, म्हणजे कलेक्टर गाइडलाइन, हलली की टॅक्सही हलतो. कर्ज राज्यानं काढलं, किश्त गल्लीत आली. राहत्या घराला निम्मी सूट मिळते हे खरं. पण निम्मं कशाचं, तर अशा किमतीचं जी घर विकल्याशिवाय हातात येत नाही. व्याह्यांना फुगवून सांगणाऱ्यांची दया नको. दौलतगंज, दाणाओळीतल्या जुन्या वाड्यांत पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या काकू आहेत. त्यांनी घराची किंमत कधी कुणाला सांगितलेली नाही, लहान नाही की मोठी नाही, कारण विकायचा विचारच मनात आलेला नाही. शेजारी शोरूम उभी राहिली यात त्यांचा नफा एवढाच की आता दारात रिक्षा थांबत नाही. अशी माणसं थकबाकी ठेवून लोकअदालतीतल्या माफीची वाट बघत नाहीत. 31 मार्चच्या आधी, उन्हं चढायच्या आत ती खिडकीवर हजर असतात. नामांतरण करून घ्या, असं खिडकीतला बाबू दरवर्षी सांगतो. त्या 'हो' म्हणतात आणि सासऱ्यांच्या नावाची पावती घडी घालून पिशवीत ठेवतात.