तेराच्या पोटात बारा

ग्राहकाला तेरा तारखेचा लॉग हवा होता. आमच्या ज्युनिअर मुलीने शेपटीला तेरा तारीख असलेली फाइल पाठवली. आत जवळजवळ सगळ्या नोंदी बाराच्या. भर मीटिंगमध्ये मी तिला तारीख या विषयावर दहा मिनिटं ऐकवलं. मग "थांब, मीच काढतो" म्हणत ऐटीत फाइल काढली. तीच निघाली. "सर, यही तो भेजी थी," ती म्हणाली. अठरा वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्याचे बारा वाजायला एवढं पुरतं.

सर्व्हरचे लॉग रोज गुंडाळून ठेवणारा लॉगरोटेट इमानी नोकर आहे. डेटएक्स्ट हा पर्याय लावला की फाइल ज्या दिवशी गुंडाळली त्या दिवसाची तारीख तो तिला बांधतो. आत कुठल्या दिवसाचा माल आहे, हे बघत नाही. आमच्याकडे तो पहाटे तीननंतर उठतो. इज्जत सावरायला मी त्याला हाताने पुन्हा पळवलं, तर या नावाची फाइल आधीच आहे, सबब रोटेशन रद्द, असं कळवून तो मोकळा झाला.

खरं तर जयपूरच्या विद्याधर नगरात राहणाऱ्या मराठी माणसाला नावाचा हा घोळ आधीच कळायला हवा होता. पहिल्याच वर्षी शेजारच्या भाभीजी म्हणाल्या, जन्माष्टमी भादव्यातली. मी म्हटलं, छे, श्रावण वद्य अष्टमी! कृष्ण काय दोनदा जन्मला? अर्धा तास वाद घातला. आमचा महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षाबद्दल तक्रार नाही. पण पौर्णिमा उलटली की तोच अंधारा पंधरवडा आम्ही चालू महिन्यात ठेवतो आणि ते त्याला पुढच्या महिन्याचं नाव देतात. म्हणून महाशिवरात्र आमची माघात, त्यांची फाल्गुनात. पितृपक्ष आमचा भाद्रपदात, त्यांचा आश्विनात. चंद्र एकच, उपासही एकच, आणि साबुदाणा दोन्ही घरी सारखाच चिकट. ज्या विद्याधरांच्या नावाचं हे नगर, त्यांनीच १७२७ साली वसलेल्या जयपूरचे रस्ते काटकोनात आखले. तिथीपुढे त्यांचाही इलाज नसावा.

बाबा गेले ते रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. दाखल्यावर शुक्रवार आहे. आई म्हणते, गुरुवारी रात्री. दवाखान्याच्या पायरीवरच मी तिला सांगितलं, "आई, बारानंतर तारीख बदलते." "उजाडलं कुठं होतं रे?" ती म्हणाली. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी दाखला काढून दाखवला.

ज्युनिअर मुलीची माफी मागितली. मॅन्युअल तिनेच उघडून दिलं. उपाय एका शब्दाचा निघाला: डेटयेस्टरडे. फायलीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. "पण सर, बारा ते तीनच्या नोंदी तरीही आदल्या दिवसात जातील. वेळ बारावर आणू?" तिने विचारलं.

नको म्हटलं. गुरुवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांची नोंद आता गुरुवारच्याच फायलीत असते.